मंडळी जमते तेव्हा
(सामुदायिक रेडिओवरून दिलेले भाषण)



आज आम्ही इतिहासाची गोष्ट सांगणार आहोत. पण सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो, कारण ती चूक झाली नसती तर हा इतिहास आम्ही वाचायला घेतला नसता.

आम्ही सहयोगिनी म्हणून काम करतो ते गट राहुरी तालुक्यातले. त्यातल्या एका गटाने ठराव केला होता की, आठवड्याची बैठक रविवारी सकाळी नऊला. रविवारी मजुरीला सुट्टी, पोरांची शाळा बंद, म्हणून सगळ्यांच्या सोयीचा वार. गैरहजर राहिले तर पाच रुपये दंड. ठरावावर सगळ्यांच्या सह्या होत्या, आमचीही होती.

गटात एक ख्रिस्ती मावशी होत्या. त्या बचत वेळेवर पाठवायच्या, पण बैठकीला यायच्या नाहीत. आठ आठवडे दंड भरला. नवव्या आठवड्याला त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाई, माझं नाव कमी करा."

आम्ही विचारले, काय झाले? त्या म्हणाल्या, "रविवारी त्या वेळेला चर्चला उपासना असते." बाजूला बसलेली एक बाई पटकन बोलली, "मग घरी हात जोडायचे की. देव काय घरी नाही का?"

मावशी हसल्या. म्हणाल्या, "देव घरी आहे गं. पण मंडळी घरी नाही ना."

हे उत्तर आमच्या डोक्यातून जाईना. आम्ही सहयोगिनी वेगवेगळ्या घरांतून आलेल्या. कुणाच्या घरी वारी, कुणाच्या घरी बुद्धवंदना, एकीच्या घरी उपासना. शेजारी राहून, एकमेकींच्या घरचे फराळ आणि केक खाऊनही आम्हाला हे माहीत नव्हते की, ख्रिस्ती बाईसाठी रविवारचे ते दोन तास म्हणजे नेमके काय. मग आम्ही विचारत गेलो, वाचत गेलो. जे हाती आले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

मंडळी म्हणजे कोण?

आपण 'चर्च' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे इमारत येते. वर क्रूस, आत बाके, एक घंटा. पण मराठी बायबलमध्ये जिथे चर्च हा अर्थ आहे तिथे शब्द आहे 'मंडळी'. आपण म्हणतो ना, "घरची मंडळी कशी आहेत?", "चला मंडळी, जेवायला बसा", तोच हा शब्द. म्हणजे एकत्र जमलेली माणसे. इमारत पडली तरी मंडळी राहते. उलट इमारत उभी आहे आणि माणसे आलीच नाहीत, तर ती मंडळी होत नाही.

ख्रिस्ती धर्मात माणूस एकट्याने प्रार्थना करतो, बायबल वाचतो, हे खरेच. पण बाप्तिस्मा एकट्याने घेता येत नाही, तो मंडळीसमोर होतो. प्रभुभोजनही एकट्याने घ्यायचे नसते. एक भाकर मोडायची आणि सगळ्यांनी खायची, एका प्याल्याची आठवण सगळ्यांनी मिळून करायची. त्यामुळे श्रद्धा वाढते ती माणसांच्या संगतीत, असे ते मानतात. आपल्याकडे सत्संग म्हणतात, त्याच्या जवळची ही कल्पना आहे.

आता आपल्या जिल्ह्यात ही मंडळी पहिल्यांदा कशी जमली ते पाहू.

नगरची पहिली मंडळी

अमेरिकन मिशनची माणसे मुंबईत १८१३ साली आली. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्यांनी १८३१ मध्ये काम सुरू केले. १८३३ मध्ये इथली पहिली मंडळी स्थापन झाली. तेव्हा ती अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

त्या काळात बाप्तिस्मा घेणे म्हणजे काय, याचा विचार आपण आजच्या सोयीने करतो. पण एखाद्याने बाप्तिस्मा घेतला की भावकी तुटायची. लग्नकार्याला बोलावणे बंद. मुलीला स्थळ नाही. घरात कोणी गेले तर खांदा द्यायला माणूस नाही. गावकीतले जे काही हक्क असतील, त्यांच्यावरही गदा. ब्राह्मणांपैकी काही थोडे आले, त्यांना घरच्यांनी मेल्यात जमा केले. पुढे खेड्यापाड्यांतून महार आणि मांग समाजातली माणसे मोठ्या संख्येने आली. त्यांना आधीच पाणवठ्यावर जागा नव्हती. त्यांच्यासाठी गावाबाहेरच्या वस्तीतली ती एक खोली नवी भावकी झाली.

ही खोली कशी असायची? बहुतेक गावांत आठवडाभर तीच शाळा आणि रविवारी तीच उपासनेची जागा. जो मास्तर, तोच उपदेशक. वस्तीतल्या कुणाला पत्र आले तर वाचून दाखवणारा तोच, अर्ज लिहून देणारा तोच. बायबल वाचायचे तर अक्षर यायला हवे, म्हणून ख्रिस्ती होणे आणि अक्षर शिकणे या दोन गोष्टी आपल्या जिल्ह्यात हातात हात घालून आल्या. ज्यांच्या आजोबांना पाटीला हात लावायची मुभा नव्हती, त्यांच्या नातवंडांनी मंडळीपुढे उभे राहून बायबलचा पाठ वाचला. सगळे गप्प बसून आपले ऐकताहेत, हा अनुभव माणसाला आतून बदलतो. गटात पहिल्यांदा उठून बोलताना तुमचे पाय कसे थरथरले होते, ते आठवा. म्हणजे कळेल.

१८५४ मध्ये नगरच्या मंडळींवर हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे दोन मराठी पाळक नेमले गेले. पाळक म्हणजे मंडळीचा धर्मगुरू. तोवर गोरे साहेब उपदेश करत आणि इथली माणसे ऐकत. आता आपल्यातला माणूस, आपल्या भाषेत, आपल्या उदाहरणांनी बोलू लागला. त्याचा पगार मंडळीने द्यायचा, ही सवयही हळूहळू लागली. आपल्या बचतीतून गट उभा राहतो, तेव्हाच तो आपला वाटतो. मंडळीचेही तसेच झाले.

फरारबाई आणि मुलींची शाळा

या इतिहासात बायका कुठे आहेत? अगदी पहिल्यापासून आहेत.

सिंथिया फरार नावाची एक अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ साली मुंबईत आली आणि तिने मुलींच्या शाळा चालवल्या. १८३९ मध्ये ती नगरला आली. १८६२ मध्ये तिचे निधन झाले, तेही नगरलाच. तिची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना प्रेरणा मिळाली, आणि सावित्रीबाईंनी शिकवण्याचे प्रशिक्षण तिच्याकडे घेतले, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. पुण्यातल्या १८४८ च्या शाळेची गोष्ट आपण दरवर्षी सांगतो. त्या गोष्टीतला एक धागा आपल्या नगरमधून गेला आहे, हेही सांगायला हवे.

शाळा शिकलेल्या ख्रिस्ती बायकांतून पुढे बायबलबाया तयार झाल्या. नऊवारी नेसलेली, हातात पुस्तक घेतलेली ही बाई घरोघर जायची. बायबल वाचून दाखवायची, गाणी शिकवायची, कुणाला अक्षरे, कुणाला शिवण. आजारी बाळंतिणीजवळ बसायची. पुरुष उपदेशकाला परक्या घराचा उंबरा ओलांडता येत नव्हता, तिथे ती थेट चुलीपर्यंत जायची. आपल्या आशाताई आणि सहयोगिनी आज जे काम करतात, त्या वाटेवरून या बाया पायी चालून गेल्या होत्या. मंडळीच्या इतिहासात पाळकांची नावे जपली जातात. या बायांची नावे बहुतेक ठिकाणी कोणी लिहून ठेवली नाहीत.

एका पंक्तीला बसणे

आता सर्वांत अवघड गोष्ट. प्रभुभोजनाला सगळ्यांनी एकत्र यायचे, तर त्यात ब्राह्मणही आला आणि मांगही आला. ज्या काळात सावलीचा विटाळ मानत, त्या काळात एका भाकरीचे तुकडे आणि एक प्याला. देव एक आहे असे म्हणणे सोपे असते. त्याच देवाच्या नावाने शेजारच्याच्या हातून खाणे अवघड असते.

हे किती अवघड होते, ते लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधून कळते. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या या बाईंचे माहेर अतिशय सोवळे. लग्न झाले नारायण वामन टिळकांशी. टिळक कवी, मनाचे लहरी. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. मुलाला घेऊन त्या नातेवाइकांकडे पंढरपुरात राहिल्या. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाता येत नाही, अशी ती वर्षे.

पुढे त्या टिळकांकडे नगर भागात राहायला आल्या, पण धर्म सोडला नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, आणि मंडळीतल्या बायका येत-जात राहिल्या. लक्ष्मीबाई त्यांना पाहत होत्या. ही माणसे आजाऱ्याजवळ बसतात, दुष्काळातली पोरकी पोरे घरात घेतात, चुकले तर एकमेकांना बोलतात आणि पुन्हा एकत्र येतात. हळूहळू त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला की, ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळाल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. हे सगळे त्यांनी स्वतः मोकळेपणाने, स्वतःवर हसत लिहिले आहे. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाने.

आम्हाला यातली पाच वर्षे महत्त्वाची वाटतात. टिळकांसारखा विद्वान घरात होता, वादात तो कुणालाही हरवील असा. पण लक्ष्मीबाईंचे मन वादाने बदलले नाही. माणसांत राहून बदलले. ज्याला ख्रिस्ती लोक 'आत्मिक वाढ' म्हणतात ती अशी असते, असे आम्हाला वाटते. अंगणातल्या झाडासारखी, रोज पाहिले तर वाढताना दिसत नाही.

गाण्यांतून आलेली ओळख

सुरुवातीला मंडळीत जी गाणी म्हणत, त्यांतली पुष्कळशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती, चालीही तिकडच्याच. शब्द मराठी, पण जिभेवर बसेनात. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईला ती चाल कशी जमावी?

मग १८६० च्या दशकात नगर भागात ख्रिस्ती कीर्तन सुरू झाले. कृष्णराव सांगळे यांचे नाव त्यात मोठे. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, मृदंग, सगळे आपलेच, आख्यान मात्र येशूचे. आणि टिळकांनी तर अभंग, ओवी, भजन, साकी, सगळी मराठी भांडी घेतली आणि त्यांत आपली भक्ती भरली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे प्रसिद्ध आहे. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात आजही त्यांची कितीतरी भजने आहेत. आमच्या मावशी वाचायला फारसे शिकल्या नाहीत, पण साठ-सत्तर भजने तोंडपाठ आहेत. त्या म्हणतात, "माझं बायबल माझ्या गळ्यात आहे."

या गाण्यांनी आणखी एक काम केले. ख्रिस्ती माणूस म्हणजे साहेबाचा माणूस, असे तेव्हाही म्हणत आणि आजही काही जण म्हणतात. पण ज्या मंडळीत अभंग म्हटले जातात, मृदंग वाजतो, बायका कुंकवाऐवजी नुसते कपाळ ठेवूनही नऊवारी-सहावारीच नेसतात, जिथे आडनावे साळवे, गायकवाड, शिंदे अशीच आहेत, ती परकी कशी? १८४२ साली नगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले, तेही मराठीत. इथल्या ख्रिस्ती माणसाने धर्म बदलला, भाषा आणि माती बदलली नाही.

सगळे ख्रिस्ती एकाच वाटेने आले, असेही समजू नका. वसईकडची कॅथलिक मंडळी पोर्तुगीज काळापासूनची, त्यांच्या बोली वेगळ्या, ते चर्चला 'देऊळ' म्हणतात. आपल्या जिल्ह्यात केंदळ, संगमनेर भागात जेझुइट फादर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आले. आणि श्रीरामपूरजवळ हरेगावला सप्टेंबरात मतमाऊलीची यात्रा भरते, तिला तर आपल्यातल्या सगळ्याच जातीधर्मांच्या बायका नवस घेऊन जातात.

दुष्काळ आणि भाकरीचा टोमणा

आता एक टोमणा. "भाकरीसाठी बाटले", असे म्हणतात. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर आणि पुन्हा १८९६ ते १९०० च्या दुष्काळांनंतर आपल्या भागात ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या खूप वाढली. भुकेने माणसे मिशनच्या दारात गेली, हे खरे आहे.

पण आम्ही दुसरा प्रश्न विचारतो. पाऊस पडला, पीक आले, मिशनचे धान्य बंद झाले, त्यानंतर ज्या राहिल्या त्या का राहिल्या? आपल्याकडे कर्जासाठी गटात येणाऱ्या बायका असतातच. कर्ज फेडल्यावर काही निघून जातात. ज्या राहतात त्या कर्जासाठी राहत नाहीत. त्यांना तिथे नावाने हाक मारणारे कोणी भेटलेले असते.

याचे मोठे उदाहरण दौंड तालुक्यातले केडगाव. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, निराधार मुली आणि विधवा गोळा करून तिथे आणल्या. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही आणल्या. त्यांचे मुक्ती मिशन म्हणजे बायकांनी भरलेले गावच. शेती, विणकाम, दूध, शाळा, अंध मुलींचे शिक्षण, आणि छापखाना. त्या छापखान्यात खिळे जुळवायला बायका होत्या. रमाबाईंनी मूळ भाषा शिकून केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर तिथेच छापले गेले. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. १९०५ साली तिथे मोठे प्रार्थना-जागरण झाले, त्यातही पुढे होत्या त्या मुलीच. पाळकाने सांगायचे आणि बायकांनी मान हलवायची, असे तिथे नव्हते.

रमाबाईंकडून दुसरीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या धर्मभगिनींनी त्यांना सांगितले, चर्च जे शिकवते ते मान्य करा. रमाबाईंनी पत्रांतून त्यांच्याशी वाद घातला. आपल्या बुद्धीला आणि सदसद्विवेकाला पटल्याशिवाय केवळ कुणाच्या अधिकारापुढे मान तुकवायला त्या तयार नव्हत्या. एका धर्माची बेडी तोडून आले ती दुसरी घालून घ्यायला नव्हे, असा त्यांचा बाणा होता. तरी त्या एकट्या राहिल्या नाहीत. त्यांनी मंडळी उभी केली. म्हणजे बाईला मंडळी हवी असते, आणि मंडळीत राहून स्वतःचे मतही हवे असते. या दोन गोष्टींची ओढाताण प्रत्येक ख्रिस्ती बाईच्या आयुष्यात चालते. आपल्यालाही ती परकी नाही.

लग्न, कायदा आणि बाई

मंडळीने बायकांना एक आधार दिला तो लग्नाचा. चर्चमध्ये लग्नाची घोषणा तीन रविवार वाचतात. कुणाची हरकत असेल तर सांगा, म्हणून. नवरदेवाचे आधी लग्न झालेले असेल तर ते तिथे उघड होण्याची शक्यता असते. १८७२ च्या कायद्याप्रमाणे ख्रिस्ती लग्नाची लेखी नोंद होते. आपल्याकडे हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला कायद्याने बंदी आली ती नंतर, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तर देशभर. ख्रिस्ती बाईला हा आधार कितीतरी आधीपासून होता. विधवेच्या लग्नालाही आडकाठी नव्हती.

पण दुसरी बाजूही ऐका. १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्याप्रमाणे नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरपणा किंवा सोडून जाणे असे आणखी काही सिद्ध करावे लागे. हा दुजाभाव गेला तो २००१ च्या दुरुस्तीने. एकशे बत्तीस वर्षे! तेवढा काळ मारहाण सोसणाऱ्या कितीतरी बायकांना "सहन कर, प्रार्थना कर" एवढेच ऐकावे लागले. मंडळी बाईला सांभाळते, आणि कधी कधी बाईला गप्पही बसवते. दोन्ही सांगितले नाही तर हा इतिहास अर्धा राहील.

जे अजून सुटले नाही

मंडळीचा कारभार हळूहळू इथल्या माणसांच्या हाती आला. १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानातले संयुक्त चर्च झाले, आणि १९७० मध्ये नागपूरला अनेक चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. नगरच्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्या त्या वाटेने गेल्या.

पण सगळे गोड झाले नाही. एका पंक्तीची शिकवण असूनही जात मंडळीच्या दाराबाहेर पूर्ण राहिली नाही. लग्न जमवताना अजून विचारतात, मूळचे कोण? बायकांचे म्हणाल तर महिला मंडळ सगळीकडे असते. भजन, आजाऱ्यांच्या भेटी, हंगामाच्या सणाला धान्य-भाजी-कोंबड्या गोळा करून त्यांचा लिलाव, सगळे त्याच करतात. पंच कमिटीत मात्र त्या मोजक्याच दिसतात. काही चर्चमध्ये स्त्रिया पाळक होतात. २०१३ मध्ये आंध्रात नंद्याळला ई. पुष्पा ललिता या चर्च ऑफ साउथ इंडियाच्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या. कॅथलिकांत अजून स्त्रीला धर्मगुरू होता येत नाही.

सर्वांत दुखरी गोष्ट कागदाची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेल्यांना त्या अजूनही नाहीत, आणि हा प्रश्न अनेक वर्षांपासून सर्वोच्च न्यायालयात आहे. कुणाचे म्हणणे, ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग सवलत कशाची? कुणाचे म्हणणे, धर्म बदलला तरी गावाने आमची जात विसरली का? तुम्ही आपापले मत ठरवा. आम्ही एवढेच सांगतो की, यामुळे कितीतरी घरांत दाखल्यावर एक ओळख आणि रविवारी दुसरी, असे झाले आहे. मुलीचे शिक्षण वाचवायचे तर मंडळीच्या वहीत नाव लिहायचे की नाही, हा विचार आईला करावा लागतो. आपण कोण आहोत, हे सांगायला भ्यावे लागणे ही कुणालाही सोसवणारी गोष्ट नाही.

म्हणूनच रविवारचे दोन तास मोठे. तिथे मावशींना कागद विचारत नाहीत. तिथे त्यांचे नाव घेऊन प्रार्थना होते, पोराच्या नोकरीसाठी, सुनेच्या बाळंतपणासाठी. दोन रविवार दिसल्या नाहीत तर कोणीतरी घरी येते. एक दिवस त्यांना पोहोचवायलाही तीच माणसे येणार, हे त्यांना ठाऊक आहे.

आमचा ठराव

हे सगळे समजून घेतल्यावर आम्ही गटाची विशेष बैठक बोलावली. एकदोघींनी कुरकुर केली की, एकीसाठी पंधरा जणींनी वार का बदलायचा? मग एका आजींनी विचारले, "आषाढी एकादशीला बैठक ठेवली असती तर तुम्ही आला असता का?" कोणी बोलले नाही. वार बदलून गुरुवार संध्याकाळ झाला. तोही सगळ्यांना सोयीचा नाही. दोघींना शेतातून धावत यावे लागते, आणि त्या अजून अधूनमधून बोलून दाखवतात.

आठ दंडांचे चाळीस रुपये ठराव करून परत दिले. मावशींनी ते मोजून घेतले. नाही म्हणाल्या नाहीत, आणि तेच बरोबर होते. चूक त्यांची नव्हती, ठराव लिहिताना ज्यांनी विचारले नाही त्या आमची होती.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत या तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गटाचा वार, वेळ आणि जागा ठरवताना कुणाला विचारायचे राहून गेले आहे का? आपल्या देवळात, विहारात, मशिदीत, चर्चमध्ये कामाला बायका किती आणि कमिटीत किती? आणि शेजारणीच्या धर्मातली एखादी गोष्ट आपण तिच्याच तोंडून कधी ऐकली आहे का?

ऐकली नसेल, तर गुरुवारपर्यंत थांबू नका. आजच तिच्या ओट्यावर जाऊन बसा.